हादरा कोणाच्या घरी गेला?

रेवदंड्याची बोट मुंबईचा धक्का सोडून निघाली तेव्हा माझा थोरला भाऊ अण्णा एका लाकडी पेटीवर बसला होता आणि उठायला तयार नव्हता. सामान खाली ठेवायचे असते, असे खलाशाने पुन्हा पुन्हा सांगून पाहिले. अण्णा म्हणाला, "हे सामान नाही, यंत्र आहे." शेजारी चौलच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारले, "बाजाची पेटी का हो? कुठे कीर्तनाला निघालात?"

मी हो म्हणून टाकले. त्यानंतर बाई अण्णाकडे मोठ्या आदराने पाहू लागल्या. पुढे वारा सुटून बोट डुलायला लागली आणि अण्णा कठड्यावर ओणवा झाला, तेव्हा "बुवांना आल्याचा तुकडा द्या," म्हणून पिशवी उघडली तीही त्यांनीच.

अण्णा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. भूकंपाची लाट खडकातून कशी धावते, कुठे जोरात जाते, कुठे मंदावते, हा त्याचा ध्यास. पण भूकंप काही बोलावून येत नाही. म्हणून कुठे सुरुंग लागणार असल्याचे कानावर आले, की हा पेटी उचलून निघतो. सुरुंगाने जमिनीत उठणारा हादरा हा त्याच्या मते भूकंपाचा धाकटा भाऊ. या खेपेला काशीदच्या अलीकडच्या एका गावातून हिरोजी पाटलांचा निरोप आला होता: विहिरीला काळा कातळ लागला आहे, सुरुंग लावायचे आहेत, पण शेजारीण म्हणते की तिचे घर पडेल, तुम्ही येऊन काय ते सांगा. शेजारीण मुसलमान घराण्यातली विधवा, पडदा पाळणारी, त्यामुळे तिच्या माजघरात यंत्र घेऊन बसायला बाईमाणूस हवे. मी गिरगावात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेला नाताळची सुट्टी होती. माझी नेमणूक अशी झाली. गावाचे नाव मात्र मी इथे देत नाही. त्या गावातल्या दोन बायका वाचणाऱ्या नसल्या, तरी आपल्याविषयी कोण काय बोलले हे त्यांना लगेच कळते.

रेवदंड्याला बोट खोल पाण्यातच उभी राहते. तिथून पडावात (सपाट बुडाच्या मोठ्या होडीत) उतरून किनारा गाठायचा. अण्णाने पेटी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती आणि उतरताना तिला वाचवण्याच्या नादात तो स्वतः कमरेपर्यंत भिजला. पुढे चौलला ओळखीच्या एका घरी घावन आणि गूळ घातलेले नारळाचे दूध खाल्ले. पोफळीच्या बागेतून रहाटाची कुरकुर येत होती, पाटातून पाणी खळखळत होते, आणि अण्णाचे धोतर दोन पोफळींच्या मध्ये वाळत होते. यजमान म्हणाले, "पलीकडे चाललात? पाणी भरून घ्या. तिकडे गोड पाण्याची वानवा आहे." मी तांब्या भरून घेतला. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला नीट कळला नव्हता.

तरीतून (खाडी ओलांडायच्या होडीतून) पलीकडे गेले की संस्थानची हद्द लागते. तिथल्या नाक्यावरच्या कारकुनाने पेटी उघडायला लावली. काजळी धरलेल्या कागदाचे नळकांडे, जड लोलक, पितळी काटा, हे सगळे त्याने फारसे मनावर घेतले नाही. पण बाटलीतला पारा दिसल्यावर तो उठून उभा राहिला.

"हा कशाला?"

"जमीन थरथरते ती बघायला," अण्णा म्हणाला.

"इथली जमीन थरथरत नाही."

"आता थरथरेल. आम्ही आलो आहोत ना."

कारकुनाचा चेहरा पाहून मी अण्णाला मागे ओढले. मग बशीत थोडा पारा ओतून त्याला दाखवले: टेबलाला टिचकी मारली, की पाऱ्यात दिसणारे छपराचे प्रतिबिंब कसे थरारते ते. त्याने स्वतः टिचक्या मारून पाहिल्या. मग बशीवर वाकून मिशा सारख्या केल्या आणि आम्हांला सोडले. मात्र मागे उभ्या असलेल्या गाडीवानाला तो म्हणाला, "पारा घेऊन कोण हिंडतो, माहीत आहे ना? सोनं करणारे." हे वाक्य आमच्या बैलगाडीपेक्षा लवकर गावात पोचले.

कोर्लईच्या किल्ल्याचे टोक मागे पडले. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, मध्ये भाताची कापलेली खाचरे आणि उंडीची झाडे. अधूनमधून पांढऱ्या वाळूचा पट्टा असा काही चमके की डोळे मिटावेत. मी दोनदा म्हटले, "अण्णा, समुद्र बघ." तो म्हणाला, "बघतो आहे," आणि रस्त्याकडेचा दगड बघत राहिला.

गावाच्या शिवेवर पाच-सहा बायका तांब्याची फुटकी भांडी घेऊन उभ्या होत्या. हिरोजी पाटलांनी त्यांना हाकलले. "ह्ये सोन्याचं न्हाय, ह्ये कालिजचं पावनं हायेत!" पाटील धिप्पाड, बोलके. घर गावाच्या डोंगराकडच्या टोकाला, ऐसपैस, समोर खळे. जेवणात तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि आमच्यासाठी मुद्दाम वेगळे शिजवलेले वरण. पाटलीणबाईंनी लिंबाचे लोणचे वाढले तेव्हा फडताळावरची भली मोठी चिनी मातीची बरणी खाली घेण्यासाठी दोघांचे हात लागले. लोणचे त्यांच्या सासूबाईंच्या वेळचे होते आणि त्याचा मान देवघराच्या खालोखाल होता.

पाणी वाढायला पाटलांची सून यमुना होती. तिला दिवस गेले होते. गोड्या पाण्याचा झरा डोंगराच्या अर्ध्या चढावर, आणि चैत्रात तोही बोटभर धारेवर येतो, असे ती म्हणाली. आदल्या वर्षी तिची जाऊ डोईवरच्या हंड्यासकट तिथे घसरली होती. तिचा हात अजून सरळ होत नाही. गावातल्या जुन्या विहिरीचे पाणी मचूळ, गुरेसुद्धा तोंड वळवतात. मी चौलहून भरून आणलेला तांब्या तिच्यापुढे केला. तिने तो उभ्याउभ्या संपवला आणि पदराने तोंड पुसले. मग अण्णाला विचारले, "ह्या चैताच्या आत व्हईल का हो हीर?"

अण्णाने छाती फुगवून हो म्हटले. एवढेच नव्हे, तर मंडळींना आधीच निकालही सांगून टाकला. सुरुंगाचा बार विहिरीत होणार. शेजारणीचे, म्हणजे खतिजाबींचे, घर विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे थोडा हादरा बसेल, पण भिंत पडणार नाही. पाटलांचे घर मात्र लांबलचक परसाच्या दुसऱ्या टोकाला, कितीतरी पलीकडे. "इथे दुधाच्या वाटीवरची साय हलणार नाही," अण्णा म्हणाला. पाटलीणबाईंनी हे वाक्य लक्षात ठेवले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही किनाऱ्यावरचा कातळ पाहायला गेलो. पाणी मागे सरले होते आणि काळ्या खडकावर भेगाच भेगा उघड्या पडल्या होत्या. गंमत अशी, की त्या सगळ्या एकाच दिशेला चालल्या होत्या, समुद्राकडून डोंगराकडे. कुठे तुरळक, कुठे दाट. एके ठिकाणी तर खडक इतका चिरफाळला होता की नुसत्या काठीने ढलपे निघत होते. तो दाट पट्टा नजरेने आत नेला, तर तो विहीर आणि खतिजाबींचे घर यांच्या मधून जात होता. "भेगांनी लाट जराशी मंदावेल," अण्णा म्हणाला. 'जराशी' हा शब्द त्याचाच.

सुरुंगाच्या दिवशी सकाळीच मी पारा घेऊन खतिजाबींच्या घरी गेले; आदल्या दिवशी जागा पाहून आलेच होते. अण्णा पाटलांच्या घरी फडताळाखाली यंत्र मांडून बसला. त्यांचे यजमान नारळ आणि लाकडाचा व्यापार करीत. मुलगे आफ्रिकेकडे दुकानदारीला. घरात त्या, एक म्हातारी नणंद आणि भिंतभर काचेचे कपाट. त्यात परदेशी बंदरांतून आणलेल्या निळ्या नक्षीच्या कपबश्या. खतिजाबी ठेंगण्या, गोऱ्या, डोळे मोठे आणि चौकस. गवाही द्यायला मोहल्ल्यातल्या आणखी चार बायका बोलावलेल्या होत्या. त्या ओळीने सतरंजीवर बसून पान खात होत्या.

मी कोनाड्यात पाऱ्याची बशी मांडली. खिडकीच्या फटीतून येणारे ऊन बशीवर पडून आढ्यावर एक कवडसा उमटला. जमीन हलली की कवडसा नाचणार, असे मी समजावून सांगितले. मग माझी नजर कपाटाकडे गेली. दारे सताड उघडी, आणि सगळे कप फळीच्या अगदी कडेला, निम्मे बाहेर.

"खतिजाबी, हे कप इतके पुढे?"

"असतात तिथंच."

"काल मागे होते."

"काल गवाह नव्हते," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि मला विडा पुढे केला.

बाहेर विहिरीवर लाल फडके वर गेले. आम्ही सगळ्या श्वास रोखून कपाटाकडे बघत बसलो. धडाम! कावळे उडाले, कुत्री भुंकली, म्हाताऱ्या नणंदबाईंनी अल्लाचे नाव घेतले. आढ्यावरचा कवडसा थंड पाण्याचा थेंब अंगावर पडावा तसा एकदा शहारला आणि स्थिर झाला. कप जागच्या जागी. एकही किणकिणला नाही.

मग एका साक्षीदार बाईने विचारले, "हा झाला तोच? का आता व्हायचा हाय?"

खतिजाबींनी कपाटाकडे अशा नजरेने पाहिले, जशी मी गृहपाठ न केलेल्या मुलीकडे पाहते. त्यांचे बोट हळूच एका कपाच्या कानाकडे गेले. मी बघते आहे हे दिसताच त्यांनी तोच कप उचलून ओढणीच्या टोकाने पुसला. "धूळ बसते किती," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पाटलांच्या घराकडून आरडाओरडा ऐकू आला. मी पळत गेले. खळ्यात छपराचे चार-दोन नळे फुटून पडले होते. ओटीवर अण्णा उभा होता. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लिंबाचे लोणचे, एका खांद्यावर अर्धे लिंबू, आणि हातात काजळीचा कागद. चेहरा मात्र साखरपुडा झालेल्या माणसासारखा.

"सुमे, बघ! काट्याने काय उड्या मारल्यात! असली सुंदर रेघ मी जन्मात पाहिली नव्हती!"

"सुंदर?" आतून पाटलीणबाई कडाडल्या. "माज्या सासूची बरनी फुटली, नि ह्याला सुंदर दिसतंय! साय हलनार न्हाय म्हनं!"

अण्णाला आंघोळ घालून, त्याच्या डोळ्यांतले तिखट धुऊन झाल्यावर आम्ही दोघांनी ताळा जमवला. जवळच्या घरी हादरा नाही आणि दूरच्या घरी बरणी फुटते, हे कसे? यंत्राचा दोष नसावा म्हणून दुसऱ्या दिवशी अदलाबदल करून पाहायचे ठरले. पाटलीणबाई आता आम्हांला उंबऱ्याच्या आत येऊ देईनात, म्हणून पाऱ्याची बशी मी गोठ्यात, कुडाच्या फटीतून ऊन येत होते तिथे ठेवली. काजळीचा कागद खतिजाबींच्या अंगणात. पुन्हा बार. गोठ्यात कवडसा बशीबाहेर निसटल्यासारखा भिंतभर धावला आणि म्हशीने दावे तोडले. अंगणातल्या कागदावर काट्याने केसाएवढी कापरी रेघ ओढली.

आता शंका उरली नाही. संध्याकाळी खतिजाबींच्या अंगणात दोन्हीकडची मंडळी जमली. खतिजाबी दाराच्या चिकाआड (बांबूच्या पडद्याआड) बसल्या. अण्णाने जळणाची एक मोळी मागवली. पाटलांना मोळीच्या टोकाशी कान लावायला सांगितला आणि दुसऱ्या टोकावर दगडाने टकटक केले.

"आलं का?"

"कानात खिळा ठोकल्यावानी आलं!"

मग त्याने मोळी आडवी करून एका कुशीवर ठोकले आणि पाटलांना दुसऱ्या कुशीला कान लावायला सांगितला.

"आता?"

"काय न्हाय बा. लांब कुनीतरी खोकल्यावानी."

"बस्स. तुमचा कातळ अशीच मोळी आहे," अण्णा म्हणाला. "भेगा विहिरीकडून तुमच्या घराकडे जातात. दोन भेगांमधला खडक लांबच लांब आणि सलग, त्यातून हादरा थेट तुमच्या फडताळापर्यंत आला. खतिजाबींच्या घराकडे जाताना मात्र त्याला प्रत्येक भेग आडवी ओलांडावी लागली. दर भेगेला थोडा मागे परतला, थोडा विरला. पोचेपर्यंत त्याच्यात जीवच उरला नाही."

यावर चिकाआडून पहिल्यांदाच आवाज आला. "म्हणजे माझ्या घराला काही होत नाही? मग फोडा खुशाल! माझी काही तक्रार नाही."

"वा!" पाटील उसळले. "आता माजी हाय! एक सुरुंग लागता कामा न्हाय. हीर बंद!"

अशा रीतीने शास्त्राने भांडण मिटवले नाही, फक्त त्याच्या बाजू बदलल्या. लोक हसत हसत उठले. यमुना मात्र कुडाला टेकून उभी होती. ती हसली नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून तिने विचारले, "मंजी ह्या चैतात बी डोंगरावरच जायाचं?"

पाटील खाली पाहू लागले. अण्णाचा रेघेचा आनंद तिथे, त्या एका प्रश्नात मावळला. आम्ही आलो होतो रेघ बघायला, आणि रेघ मिळालीही होती.

त्या संध्याकाळी तो एकटाच किनाऱ्यावर गेला. परत आला तो वाळूवरून जवळजवळ पळतच. "सुमे, जिथे लाट विरली तिथे खडक फुटका आहे. फुटका खडक म्हणजे पाण्याला वाट. आपण अख्ख्या कातळात विहीर का खणतोय? त्या भेगांच्या पट्ट्यात खणू. सुरुंगही फारसे लागणार नाहीत, पहारीनेच निघेल."

"आणि समुद्र? तोही त्याच वाटेने आत येईल ना?"

अण्णा थांबला. "येऊ शकतो," तो म्हणाला. "आधी गोडं लागतं की खारं, ते खणल्याशिवाय नाही सांगता येत." या वेळी त्याने छाती फुगवली नाही.

आणखी एक अडचण होती. तो पट्टा खतिजाबींच्या वाडीतून (नारळी-पोफळीच्या बागेतून) जात होता. हे विचारायला मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "जागा देईन," त्या म्हणाल्या. "पण पाटील नको. पाटलीण येऊ दे. माझ्या दाराशी येऊन तिनं मागावी."

हे काही सोपे नव्हते. एवढ्या वर्षांत दोघींचे बोलणे कुंपणावरूनच झाले होते, आणि तेही कोंबड्यांवरून. शिवाय मुसलमानाच्या वाडीतले पाणी प्यायचे का, यावर पाटलांच्या भावकीत कुजबुज सुरू झाली. पाटलीणबाई दोन दिवस हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी यमुना डोंगरावरून रिकाम्या हंड्याने परत आली. चढावर तिला घेरी आली होती. सासूने तिला बसवले, तिच्या पायांना तेल चोळले, आणि डोक्यावरून पदर घेऊन एक शब्द न बोलता खतिजाबींच्या दाराकडे चालू लागली. मी मागोमाग गेले. असला प्रसंग चुकवणे मला शक्यच नव्हते.

अंगणात पाटलीणबाई उभ्या राहिल्या. "पानी पायजे," त्या म्हणाल्या. तेवढेच.

खतिजाबींनी बसायला पाट दिला. गड्याकडून एक शहाळे मागवले, त्यांच्यासमोरच तासायला लावले आणि स्वतः हात न लावता म्हणाल्या, "घे. अल्लानं बंद करून दिलंय. मी काही कालवलेलं नाही त्यात."

पाटलीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा शहाळ्याकडे. मग उचलून तोंडाला लावले. पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "तुजी कोंबडी मात्र माज्या परसात येती."

"हीर झाली की तुझ्याही बायका माझ्या वाडीत येतील," खतिजाबी म्हणाल्या. "हिशेब मिटला."

खणायला सगळे गाव लोटले. पहारीने कातळाचे ढलपे सुटत होते. क्वचित लहानसा सुरुंग लावावा लागे, पण फुटका खडक त्याचा हादरा जागच्या जागीच गिळून टाकी. पाटलांकडे एक नळा हलला नाही. माझी सुट्टी संपली, मी शाळेला तार केली. अण्णा खाईना, पिईना. रोज तळाशी उतरून खडकाला बोट लावी आणि जिभेवर ठेवी.

एका दुपारी भेगेतून पाणी पाझरू लागले. आधी ओल, मग धार, मग तळाशी घोटा बुडेल इतके. पोहरा वर आला. आधी कोणी चाखायचे यावरून वाद झाला आणि जागा ज्यांची मान त्यांचा असे ठरले. खतिजाबी डोक्यावरून चादर घेऊन वाडीत आल्या. ओंजळ भरली, तोंडाला लावली. थांबल्या. चेहरा वाकडा केला.

"खारं," त्या म्हणाल्या.

कोणीतरी हाय हाय केले. अण्णा मातीच्या ढिगावर मटकन खाली बसला. यमुनाने डोळे मिटून घेतले. आणि खतिजाबींच्या चादरीआडून खुसखुस ऐकू आली.

"गोड हाय ग, गोड! त्या मुंबईच्या मास्तराचं तोंड बघायचं होतं मला!"

पाटलीणबाईंनी पोहरा हिसकावून घेतला, स्वतः घोट घेतला, आणि उरलेले पाणी खतिजाबींच्या अंगावर ओतले. मग सगळेच हसायला लागले. अण्णा हसत होता की रडत होता हे त्यालाही सांगता आले नसते. यमुनाने मात्र भरलेला तांब्या हातात धरून ठेवला होता. ती तो पीत नव्हती, नुसती पाहत होती.

निघताना अण्णाने पुन्हा पुन्हा बजावले, की तळ आणखी खाली नेऊ नका, हाव केलीत तर समुद्र आत येईल. खाडी, रेवदंडा, पडाव, बोट, सगळे उलट्या क्रमाने झाले. या खेपेला अण्णा पेटीवर बसला नाही. कठड्याशी उभा राहून त्याने चक्क समुद्र पाहिला.

शाळेत आता मी लाटांचा धडा शिकवते तेव्हा मला अडखळायला होते. पुस्तकातला खडक अखंड असतो. त्यातून लाट शहाण्या मुलीसारखी सरळ चालत जाते. खरा खडक मी पाहिला आहे. तो कुठे लाट हातोहात पुढे देतो, कुठे वाटेतच जिरवतो, आणि जवळचे कोण व लांबचे कोण हे तो आपल्या भेगांवरून ठरवतो. मुली विचारतात, "मग बाई, परीक्षेत काय लिहायचं?" मी म्हणते, पुस्तकातलं लिहा.

चैत्रात त्या गावचा एक तांडेल (गलबताचा नाखवा) नारळ घेऊन मुंबईला आला. यमुनाला मुलगी झाल्याचे त्याने सांगितले. मी विचारले, "आणि विहिरीला पाणी आहे का?"

"हाय की," तो म्हणाला. "पानी बी हाय, नि त्या दोघींचं भांडान बी हाय. दोन्हीला आटायचं नाव न्हाय."